पाहुणा आणि घर : दूरचित्रवाणी मालिकांतील समलिंगी व्यक्तीचे कथनस्थान

१

मे १९९४ मध्ये ‘फॉक्स’ या अमेरिकी वाहिनीवर ‘मेलरोझ प्लेस’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग दाखवला गेला. त्यात मॅट हा समलिंगी तरुण आणि बिली या पात्राचा एक मित्र रात्री एकमेकांचा निरोप घेतात. दोघे जवळ येतात, आणि आता चुंबन होणार अशा क्षणी कॅमेरा त्यांच्यावरून दूर होतो आणि खिडकीतून हे सारे पाहणाऱ्या बिलीच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. प्रेक्षकाला चुंबन दिसत नाही. ते पाहणाऱ्याचे आश्चर्य तेवढे दिसते.

या प्रसंगाचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण आर्थिक आहे. जाहिरातदार बिथरतील या भीतीने वाहिनीने दृश्य कापले, हे ते स्पष्टीकरण. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. काय गाळले गेले याचा हिशेब ते देते, गाळलेल्या जागी काय बसवले गेले याचा देत नाही. चुंबनाच्या जागी रिकामी भिंत किंवा पडदा दाखवता आला असता. दाखवला गेला तो भिन्नलिंगी साक्षीदाराचा चेहरा. समलिंगी व्यक्तीच्या आयुष्यातील घटनेचा अर्थ तिच्याकडे पाहणाऱ्याच्या प्रतिक्रियेत शोधायचा, ही या माध्यमाची जुनी सवय त्या एका चित्रचौकटीत उघडी पडली आहे. प्रस्तुत लेखात या सवयीची चिकित्सा करावयाची आहे.

समलिंगी व्यक्तींच्या चित्रणाविषयीचा विचार दीर्घकाळ ‘प्रतिमा’ या संकल्पनेभोवती फिरत राहिला. व्हिटो रुसो यांच्या ‘द सेल्युलॉइड क्लॉझेट’ (१९८१) या ग्रंथाने हॉलिवुडच्या चित्रपटांतील विदूषक, खलपुरुष आणि आत्मघाती अभागी यांची जी मोजदाद केली, तिचे ऋण मोठे आहे. मात्र या पद्धतीतून ‘चांगली प्रतिमा’ आणि ‘वाईट प्रतिमा’ असे एक सोपे प्रतिमान तयार झाले, आणि पात्र सुशील, देखणे, यशस्वी असले की चित्रण पुरोगामी असे समीकरण रूढ झाले. पात्र सद्गुणी असूनही कथनात दुय्यम असू शकते, याकडे या समीकरणाचे लक्ष जात नाही. म्हणून पात्राच्या गुणावगुणांपेक्षा त्याचे कथनस्थान तपासणे मला अधिक फलदायी वाटते. कथा कोणाच्या दृष्टीने सांगितली जाते, तिच्यात कोण बदलतो, आणि कथा संपल्यावर कोण मागे उरतो, हे तीन प्रश्न म्हणजे कथनस्थानाचा प्रश्न.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा प्रश्न चित्रपटाहून वेगळे रूप घेतो. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो; मालिका दर आठवड्याला परत येते. तोच सोफा, तेच स्वयंपाकघर, तीच माणसे यांची पुनरावृत्ती हाच तिचा प्राण. शिवाय ती पाहिली जाते तीही घरात, घरच्यांसोबत. मालिका हे या अर्थाने घर आहे, आणि घर म्हटले की घरचे कोण आणि पाहुणे कोण हा भेद आलाच. समलिंगी व्यक्ती या घरात प्रथम आली ती पाहुणा म्हणून.

२

१९६७ साली ‘सीबीएस’ने माइक वॉलेस यांच्या निवेदनासह ‘द होमोसेक्शुअल्स’ हा माहितीपट प्रसारित केला. त्यातील एका मुलाखतीत बोलणाऱ्याचा चेहरा कुंडीतल्या झाडाच्या पानांआड लपवलेला आहे. पुढच्या दोन दशकांचे व्याकरण या दृश्यात बीजरूपाने आहे. बोलणारा अर्धवट दिसतो आणि त्याच्याविषयी बोलणारा पूर्ण दिसतो.

कथात्म मालिकांनी पानांचा हा आडोसा काढला, पण नवी मर्यादा घातली. ‘ऑल इन द फॅमिली’च्या १९७१ मधील एका भागात आर्ची बंकरला जावयाच्या नाजूक मित्राचा संशय येतो, प्रत्यक्षात समलिंगी निघतो तो आर्चीचा स्वतःचा धिप्पाड, माजी फुटबॉलपटू मित्र. उपरोध मार्मिक आहे. रूढ साच्याची फजिती करणारा हा भाग त्या काळी धाडसीच होता. पण हा मित्र एका भागापुरता येतो आणि जातो. कथेला त्याचे आयुष्य नको आहे. आर्चीचा पूर्वग्रह उघडा पाडण्यापुरता तो हवा आहे. वाक्यात तो कर्ता नसतो, निमित्त असतो.

‘दॅट सर्टन समर’ (१९७२) हा ‘एबीसी’चा दूरचित्रपट या मर्यादेत राहूनही अधिक गंभीर होऊ पाहतो. घटस्फोटित वडील, त्यांचा जोडीदार आणि सुटीत भेटीला आलेला चौदा वर्षांचा मुलगा असा हा त्रिकोण. येथे घर समलिंगी जोडप्याचे आणि पाहुणा मुलगा आहे. म्हणजे स्थाने उलटली आहेत. पण दृष्टी उलटलेली नाही. प्रत्येक प्रसंगाचा भार मुलाला काय वाटेल यावर आहे, आणि निवड हाती असती तर आपण हे जिणे निवडले नसते अशा अर्थाचे वाक्य वडिलांच्या तोंडी येते. स्वतःच्याच घरात त्यांना पाहुण्याची अदब पाळावी लागते.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची संहिता म्हणजे ११ नोव्हेंबर १९८५ रोजी ‘एनबीसी’ने दाखवलेला ‘ॲन अर्ली फ्रॉस्ट’. शिकागोतील तरुण वकील मायकेल याला एड्स झाल्याचे कळते आणि तो आईवडिलांच्या घरी जातो. आपण समलिंगी आहोत आणि आजारी आहोत, या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच सांगाव्या लागतात. आई धीराने घेते, वडील संतापतात, गरोदर बहीण भीतीने जवळ येत नाही, आजी मात्र जवळ घेते. साथीविषयी अज्ञान आणि दहशत पसरलेली असताना कोट्यवधी कुटुंबांपुढे स्पर्शाची ही कथा मांडणे ही मोठी सामाजिक कामगिरी होती. ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही कथनाचा आलेख पाहिला तर मायकेल आरंभी जसा आहे तसाच अखेरीस आहे. प्रवास होतो तो वडिलांचा. मृत्यू मुलाचा जवळ आला आहे आणि शोकात्म नायकाचे स्थान पित्याला मिळाले आहे. मायकेलचा जोडीदार तर या घरात पाहुण्याचाही पाहुणा आहे.

या काळात घरचे म्हणावेत असे समलिंगी पात्र नव्हतेच असे नाही. ‘सोप’ (१९७७-८१) मधील जोडी डॅलस आणि ‘डायनस्टी’ (१९८१-८९) मधील स्टीव्हन कॅरिंग्टन हे दोघे कुटुंबाचे घटक होते. पण घरात राहण्याची किंमत त्यांच्याकडून वसूल केली गेली. दोघेही कथानकाच्या ओघात पुन्हा पुन्हा स्त्रियांकडे वळवले जातात. आणि ‘डायनस्टी’च्या पहिल्याच पर्वात स्टीव्हनच्या प्रियकराचा मृत्यू होतो, तोही स्टीव्हनच्या वडिलांच्या हातून झालेल्या झटापटीत. मुलगा घरचा असू शकतो, त्याचे प्रेम घरात राहू शकत नाही, असा हा करार आहे. १९८९ मध्ये ‘थर्टीसमथिंग’ने तो करार किंचित मोडला. एका भागात दोन पुरुष अंथरुणात पडून बोलताना दिसले. स्पर्श नव्हता, फक्त बोलणे होते. तरीही जाहिरातदार मागे हटले, ‘एबीसी’चे दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि तो भाग उन्हाळी पुनःप्रक्षेपणातून वगळला गेला. शरीरापेक्षाही जिव्हाळ्याची, दिवस संपल्यावर शेजारी पडून बोलण्याची ती सवय अधिक असह्य ठरली, हे लक्षणीय आहे. कारण ती सवय संसाराची आहे.

३

येथून ‘एलन’ या मालिकेकडे येता येते. ३० एप्रिल १९९७ रोजी प्रसारित झालेला ‘द पपी एपिसोड’ सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. हे शीर्षक गुप्ततेसाठी योजलेले सांकेतिक नाव होते. प्रसारणापूर्वी दोनच आठवडे अभिनेत्री एलन डीजेनेरस यांनी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून स्वतःची ओळख जाहीर केली होती, आणि त्यामुळे पात्र आणि व्यक्ती यांच्या कबुल्या एकमेकींत मिसळल्या.

या भागातील मध्यवर्ती विनोद विमानतळावर घडतो. एलन मॉर्गन सूझनला मोठ्या कष्टाने सांगते की आपण समलिंगी आहोत. ती ज्या टेबलावर ओणवली आहे त्यावरचा ध्वनिक्षेपक सुरू असतो आणि वाक्य साऱ्या प्रतीक्षागृहात दुमदुमते. कबुली ही सत्तेची रचना आहे, तिला ऐकणारा लागतो आणि अर्थ ठरवण्याचा अधिकार त्या ऐकणाऱ्याकडे असतो, हे मिशेल फूको यांनी लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) दाखवून दिले आहे. ध्वनिक्षेपकाचा विनोद या रचनेची थट्टा करतो. कबुली एका प्रिय व्यक्तीसाठी होती, ती ऐकली सर्वांनी. आणि ऐकणाऱ्या अनोळखी गर्दीकडे निवाड्याचा कोणताच अधिकार नाही. पण त्याच भागात एलन मानसोपचारतज्ज्ञापुढेही बसते, आणि ती भूमिका ओप्रा विन्फ्री या देशभर विश्वासल्या जाणाऱ्या सूत्रसंचालिकेने केली आहे. म्हणजे थट्टा झालेला निवाडाधिकारी दुसऱ्या दाराने सन्मानाने परत येतो. या द्वैतामुळेच हा भाग आजही अभ्यासण्याजोगा ठरतो.

त्यानंतर जे झाले ते अधिक बोलके आहे. पुढील पर्वात एलनला प्रेयसी मिळाली. भेटीगाठी, रुसवे, एकत्र राहण्याचे बेत असा नित्याचा व्यवहार सुरू झाला. वाहिनीने भागांच्या आरंभी पालकांसाठी इशारा द्यायला सुरुवात केली, प्रेक्षक घटले आणि १९९८ मध्ये मालिका बंद झाली. मालिका विनोदी राहिली नाही, प्रचारकी झाली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्यात काही तथ्य असेलही. पण भिन्नलिंगी जोडप्याच्या नित्य व्यवहाराला ‘प्रचार’ म्हणण्याचे कोणाला सुचत नाही, याचा विचार त्या आक्षेपात नाही. कबुली हा एका भागाचा सोहळा असतो आणि सोहळ्याला प्रेक्षक पाहुण्यासारखा येतो. कबुलीनंतरचे आयुष्य मात्र संसार असतो, आणि तेथे प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेला जागा उरत नाही. कबुली चालते, संसार चालत नाही, हा नियम ‘एलन’च्या निमित्ताने स्पष्ट झाला.

‘एलन’ बंद झाली त्याच वर्षी सप्टेंबरात ‘एनबीसी’वर ‘विल अँड ग्रेस’ सुरू झाली आणि २००६ पर्यंत चालली. पुढे २०१७ ते २०२० या काळात तिचे पुनरुज्जीवनही झाले. ती अमेरिकी जनतेच्या शिक्षणास फार उपयोगी पडली, असे तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडेन यांनी २०१२ मध्ये म्हटले होते. हे यश कशावर उभे होते? येथे घराचा मालक समलिंगी पुरुष आहे. पण त्या घरातले जोडपे आहे विल आणि ग्रेस यांचे, म्हणजे एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे. शीर्षकातच दांपत्याचा आकार आहे. फक्त त्यातून शरीरसंबंध वजा केलेला आहे. विलचे प्रियकर येतात आणि जातात, म्हणजे पाहुणे तेच राहतात. ‘एलन’ला जे जमले नाही ते ‘विल अँड ग्रेस’ला जमले, कारण तिने घराचा साचा न मोडता त्यातला भाडेकरू बदलला.

मात्र मालिकेला या तडजोडीची जाणीव होती. फेब्रुवारी २००० मधील एका भागात विल आणि जॅक एका काल्पनिक मालिकेतील पहिल्या पुरुष-चुंबनाची वाट पाहत दूरचित्रवाणीसमोर बसतात, आणि ऐन क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो. चिडलेला जॅक वाहिनीच्या कार्यालयात तक्रार घेऊन जातो. अखेर विल एका थेट प्रक्षेपणात सर्वांदेखत त्याचे चुंबन घेतो. ‘मेलरोझ प्लेस’मधील वळलेल्या कॅमेऱ्याला दिलेले हे उत्तर मानता येईल. तरीही हे चुंबन दोन मित्रांचे, निषेधाचे आहे, प्रेमाचे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ‘डॉसन्स क्रीक’मधील जॅक मॅकफीने घेतलेल्या चुंबनानेच ती उणीव भरून निघाली.

४

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला, कारण तेथे ‘घर’ हा शब्द थेट कायद्यात आला. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम २८ अन्वये समलिंगी संबंध हे कुटुंबाचे ‘बतावणीचे’ नाते म्हणून स्वीकारार्ह असल्याचे सरकारी अनुदानित शाळांत शिकवण्यास बंदी घातली गेली. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले. नेमक्या त्याच काळात, १९८६ ते १९८९ दरम्यान, ‘बीबीसी’च्या ‘ईस्टएंडर्स’मध्ये कॉलिन हे पात्र चौकातले रहिवासी म्हणून वावरत होते. तो पाहुणा नव्हता, शेजारी होता. त्याने १९८७ मध्ये जोडीदाराच्या कपाळाचे चुंबन घेतले त्यावरूनही गदारोळ झाला. कायदा ज्या नात्याला बतावणी म्हणत होता ते नाते शेजारच्या घरात राहत असल्याचे मालिका दाखवत होती, ही त्या गदारोळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे.

रसेल टी. डेव्हिस यांच्या ‘क्विअर ॲज फोक’ने (चॅनल फोर, १९९९) घराचा प्रश्नच बाजूला सारला. मँचेस्टरच्या कॅनल स्ट्रीटवर घडणाऱ्या या मालिकेत पात्रे थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. मधला साक्षीदार आणि त्याचा आश्चर्यचकित चेहरा आता लागत नाही. व्हिन्सची आई हेझल या गल्लीत रमते, म्हणजे आईच मुलांच्या जगात पाहुणी म्हणून येते. स्थानांची ही अदलाबदल ‘दॅट सर्टन समर’मधल्यापेक्षा खरी आहे, कारण येथे दृष्टीही बदलली आहे. या मालिकेतील माणसे आदर्श नाहीत. स्टुअर्ट स्वार्थी आहे, आणि पंधरा वर्षांच्या नेथनशी त्याचा संबंध अस्वस्थ करणारा आहे. ‘चांगल्या प्रतिमे’च्या निकषावर ती नापास होईल. कथनस्थानाच्या निकषावर मात्र तिने जे साधले ते आधीच्या सुशील पात्रांना साधले नव्हते.

याच लेखकाची ‘इट्स अ सिन’ (२०२१) ही मालिका ‘ॲन अर्ली फ्रॉस्ट’शेजारी ठेवून वाचावी. छत्तीस वर्षांच्या अंतराने दोन्ही संहिता एकच प्रसंग रचतात : आजारी मुलगा आईवडिलांच्या घरी परततो. पहिल्या संहितेत घर हे क्षमेचे ठिकाण आहे. दुसरीत रिची लंडनमधील ‘पिंक पॅलेस’ या मित्रांच्या बिऱ्हाडातून आइल ऑफ वाइटवरील घरी नेला जातो आणि आई मित्रांना त्याला भेटू देत नाही. तेथे जन्मघर हेच बंदिस्त आणि बिऱ्हाड हेच घर ठरते. अखेरीस त्याची मैत्रीण जिल आईला बजावते की मुलाच्या मनातील लज्जेचे मूळ याच घरात होते. १९८५ मध्ये कुटुंब न्यायाधीशाच्या आसनावर होते; २०२१ मध्ये ते आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. पण एक गोष्ट नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. जिलला सेवेपलीकडे स्वतःचे आयुष्य जवळजवळ नाही. खिडकीतला साक्षीदार सेविकेच्या रूपाने परतला आहे आणि कथनाचा नैतिक अधिकार पुन्हा त्याच्याच हाती गेला आहे, अशी शंका येथे घेता येते.

पाहुण्याला केव्हातरी जावेच लागते. मालिकांनी हे जाणे वारंवार मृत्यूच्या रूपात दाखवले, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण नजरेत भरणारे आहे. ‘ब्रुकसाइड’मधील बेथ (१९९५), ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’मधील टारा (२००२), ‘द हंड्रेड’मधील लेक्सा (२०१६) या तिघींची नावे पुरेशी आहेत. टारा आणि लेक्सा यांना तर प्रेमाची पूर्तता होताच भरकटलेली गोळी लागते. याउलट कॅनडातील ‘शिट्स क्रीक’ ही मालिका २०२० मध्ये डेव्हिड आणि पॅट्रिक यांच्या विवाहाने संपते. तेथे गावात द्वेषच नाही, म्हणून साक्षीदाराच्या धक्क्याचीही गरज नाही. हे चित्र स्वप्नवत आहे असा आक्षेप घेतला जाईल; पण भिन्नलिंगी प्रेमकथांना वास्तवाचा हा दाखला कोणी मागत नाही.

५

ही कथनरचना केवळ अमेरिका-ब्रिटनच्या वाहिन्यांची नाही, याची साक्ष मराठीतच आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात सुमित्राचे स्त्रीवरील प्रेम रंगभूमीवर आले ते तिच्यावर प्रेम करणाऱ्या बापूच्या निवेदनातून. तेंडुलकरांनी तिच्यावर दया दाखवलेली नाही. तिची उग्रता त्यांनी शाबूत ठेवली. तरीही आपल्याला जी मित्रा कळते ती बापूला कळलेली, आणि नाटक तिच्या आत्मघाताने संपते. म्हणजे साक्षीदार मागे उरतो आणि गोष्ट त्याची होते. पाव शतकानंतर सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीने हे समीकरण उलटे केले. तीत घरात येणारा पाहुणा खराखुरा पाहुणा, भाड्याने राहणारा तरुण आहे. त्याच्यावर प्रेम करणारा तनय घरचा मुलगा आहे, आणि कादंबरीचा पहिला भाग तो स्वतः बोलतो. बहीण अनुजा दुसरा भाग बोलते, पण भावाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. तीही त्याच तरुणाने दुखावलेली आहे. या कथेचा पडद्यावरील अवतार २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला तेव्हा पुण्याचे घर कोचीला गेले आणि भाषाही बदलली. मराठी घराची ही कथा घरोघरी पोहोचली ती मराठी मालिका म्हणून नव्हे.

याला एक संदर्भ कायद्याचाही आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. आपण कोण हे सांगणे आता गुन्हा नाही. एकत्र थाटलेल्या घराला मात्र विवाहाचे नाव नाही. कबुली चालते, संसार चालत नाही, हे ‘एलन’च्या संदर्भात केलेले विधान येथे विलक्षण जवळचे होऊन बसते.

समीक्षेपुरते बोलायचे तर यातून एक दक्षता निष्पन्न होते. मराठी मालिकेचे स्थापत्य सासर, माहेर, देव्हारा आणि स्वयंपाकघर यांवर उभे आहे; इतके घरकेंद्री कथन क्वचितच कोठे असेल. त्या घरात समलिंगी मुलगा वा मुलगी येईल तेव्हा पात्राची सुशीलता मोजून समाधान मानू नये. कबुलीच्या प्रसंगानंतर पुढच्या सोमवारी ते पात्र कोठे आहे, सकाळचा चहा कोणासोबत घेते, आणि त्या चहाच्या वेळी कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर आहे, हे पाहावे.